आधी शिवार, मग दप्तर

वऱ्हाडावर जितक्या सत्ता आल्या आणि गेल्या, तितक्यांनी आपापली दप्तरे येथे मांडली. मोगलांच्या कानूगोंनी फारसीत लिहिले, भोसल्यांच्या कमाविसदारांनी मोडीत लिहिले, इंग्रजी अंमलातील साहेबांनी इंग्रजीत लिहिले आणि त्यांच्या हाताखालच्या कारकुनांनी मराठीत. परंतु या सर्व कागदांच्या पाठीमागे जी काळी जमीन होती, जो पेरा होता आणि जो वसूल होता, त्याचे स्वरूप लिपी बदलल्याने बदलले नाही. बदलली ती एवढीच गोष्ट, की कागद आखणारा माणूस शिवारात उतरला होता की नव्हता.

संगणकाच्या साहाय्याने माहितीचे व्यवस्थापन करणाऱ्या आजच्या मंडळींना एक कसब अगत्याने शिकवले जाते. कोणतेही कोष्टक आखण्यापूर्वी ज्या व्यवहारातून ती माहिती निपजते तो व्यवहार पायरीपायरीने पाहावा, तो करणाऱ्या प्रत्येकाला त्याची गरज आणि अडचण विचारावी, कागद कोणाच्या हातून कोणाच्या हाती जातो व मध्ये कोठे अडतो हे उमजून घ्यावे, आणि मगच रकाने पाडावेत, असा त्या शिक्षणाचा मथितार्थ असतो. ‘बिझनेस अॅनालिसिस’ आणि ‘रिक्वायरमेंट’ ही त्याची चलनी नावे होत. नावे अलीकडची असली तरी या कसबाचे यश आणि त्यातील उणिवेचे प्रायश्चित्त या दोहोंचाही अनुभव अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांनी एकोणिसाव्या शतकातच घेतलेला आहे: एकदा जमिनीच्या मोजणीत आणि एकदा कापसाच्या बाजारात.

वऱ्हाडचा सुभा १५९६ साली चांदबिबीने मोगलांच्या हवाली केला आणि अकबराच्या दरबारी सिद्ध झालेल्या ‘आईन-इ-अकबरी’त गाविल, नरनाळा, वाशीम, मेहकर, माहूर अशा सरकारांसह त्याची जमाबंदी नोंदली गेली. पुढे मलिक अंबरने गावागावातील प्रत्यक्ष उत्पन्नाचा अदमास घेऊन महसुलाची जी व्यवस्था लावली, तिची आठवण दख्खनेतील रयतेने त्याच्या मृत्यूनंतरही, म्हणजे १६२६ नंतरही, दीर्घकाळ जतन केली. या व्यवस्थांचा कणा परगण्यात देशमुख आणि देशपांडे, व गावात पाटील आणि पटवारी हे वतनदार होत. पाटलाने वसूल करावा आणि पटवाऱ्याने लिहावे, अशी कामाची वाटणी होती. परंतु गावची सगळी माहिती या दोघांपाशीच होती असे मात्र नाही. दोन गावांच्या शिवेचा तंटा निघाला म्हणजे गावचा महार शीव चालून दाखवी, आणि त्याची साक्ष निर्णायक मानली जाई. ज्याच्या हाती लेखणी नव्हती त्याच्या पायांना गावाची हद्द ठाऊक होती, ही गोष्ट जुन्या कारभारास पुरती अवगत होती.

हे ज्ञान दप्तरात उतरणे पुढे बंद पडले, त्याचे कारण वऱ्हाडच्या राजकीय दुर्दशेत आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसले आणि हैदराबादचा निजाम या दोघांचाही अंमल या प्रांतावर चाले. एकाच मुलखातून दोन धन्यांचे वसूलदार वसूल नेत, आणि या दोअमलीत पटवाऱ्याला कोणासमोर कोणता कागद ठेवावा याचाच विचार आधी करावा लागे. १८०३ च्या नोव्हेंबरात अकोला जिल्ह्यातील अडगावची लढाई झाली, डिसेंबरात गाविलगड पडला, देवगावच्या तहाने भोसल्यांचा वऱ्हाडवरील हक्क बव्हंशी सुटला आणि १८२२ च्या तहाने त्यातील उरलेसुरले मिटले. दोअमली गेली, तिच्या जागी मक्तेदारी आली. हैदराबादच्या दरबाराला पैशाची निकड सदैव असल्यामुळे परगणे इजाऱ्याने दिले जाऊ लागले. पुरणमल नावाच्या सावकाराने वऱ्हाडचा मोठा भाग असाच इजाऱ्याने घेतला होता. त्याच्यामागून पेस्तनजी आणि कंपनी या पारशी पेढीला दिवाण चंदूलालने महसुलाच्या सनदा दिल्या, आणि चंदूलाल दिवाणगिरीवरून उतरताच त्या पेढीचाही पाय तेथून निघाला. कापूस बांधून मुंबईस पाठवण्याचा उद्योग वऱ्हाडात याच पेढीने प्रथम मोठ्या प्रमाणावर उभारला, हे तिच्या पक्षी नमूद केले पाहिजे. परंतु इजारदार म्हटला म्हणजे त्याची दृष्टी मुदतीपलीकडे जात नाही. पुढच्या वर्षी परगणा आपल्याकडे राहील की नाही याची ज्याला शाश्वती नाही, त्याला शेताचा कस, विहिरीचे पाणी किंवा कुळाची ऐपत लिहून ठेवण्याचे प्रयोजनच काय? बिघा परगण्यागणिक निराळा, दर गावागणिक निराळा आणि कागद मागणाऱ्यागणिक निराळा, अशी अवस्था झाली.

१८५३ च्या मे महिन्यात निजामाशी तह होऊन वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात आले आणि त्याला ‘हैदराबादचे नेमून दिलेले जिल्हे’ हे लांबलचक नाव मिळाले. कालांतराने प्रांताचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पडून अमरावती आणि अकोला ही त्यांची मुख्य ठाणी झाली. नव्या अंमलापुढचा पहिला प्रश्न महसुलाचा होता. १८६१ पासून येथे मुंबई इलाख्याच्या पद्धतीने मोजणी आणि जमाबंदी सुरू झाली. ही पद्धत वऱ्हाडात सिद्ध होऊन आली खरी, परंतु तिच्या जन्माची कथा पुणे जिल्ह्यातील एका मोठ्या अपयशाची कथा आहे, आणि ती येथे सांगितल्यावाचून पुढचा भाग नीट कळणार नाही.

मुंबई सरकारने पेशवाई बुडाल्यावर पुणे प्रांताची मोजणी रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या तरुण मुलकी अधिकाऱ्याकडे सोपवली. प्रिंगल हेलीबरीच्या विद्यालयात माल्थसच्या हाताखाली शिकला होता आणि रिकार्डोच्या भूभाटकाच्या सिद्धांतावर त्याची श्रद्धा होती. शेताच्या एकूण उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा जाता जे निव्वळ उत्पन्न उरेल त्याच्या ५५ टक्के सरकारने घ्यावे, असे त्याने ठरवले. तत्त्व म्हणून यात दोष काढणे कठीण आहे. परंतु निव्वळ उत्पन्न ही राशी कोणत्याही शेतकऱ्याने कधी मोजलेली नव्हती. ती काढण्यासाठी बियाणे, बैल, मजुरी, गवत, अवजारे यांचे अगणित आकडे लागत, ते आकडे हाताखालच्या कारकुनांनी गोळा करावयाचे असत, आणि ज्याची पडताळणी कोणालाच करता येत नाही असा आकडा कारकुनाच्या मर्जीवर व रयतेच्या मुठीवर अवलंबून राहतो. लाच घेऊन नोंदी बदलल्या गेल्या, मोजणी सदोष ठरली, आकार झेपेनासा झाला, आणि वर्षानुवर्षे सूट देत बसण्याची पाळी सरकारवर आली. प्रिंगलची बुद्धिमत्ता वादातीत होती. त्याने कोष्टक आधी आखले आणि शेत नंतर पाहिले, एवढाच त्याचा प्रमाद.

१८३५ साली गोल्डस्मिड या मुलकी अधिकाऱ्याने आणि विंगेट या इंजिनिअरांच्या पलटणीतील लेफ्टनंटाने इंदापूर तालुक्यात हे काम पुन्हा हाती घेतले. निव्वळ उत्पन्नाच्या शोधाचा मार्ग त्यांनी सोडून दिला. एका शेताचा कस दुसऱ्या शेताशी ताडून पाहता येतो, जमिनीची खोली हाताने मोजता येते, तिचा रंग आणि पोत डोळ्यांना दिसतो, बाजार किती कोसांवर आहे हे कोणालाही सांगता येते. तेव्हा ज्या गोष्टी पाहता येतात आणि वरिष्ठाला पुन्हा तपासता येतात त्यांचीच नोंद करावी, आणि गावाच्या मागील वसुलाचा व लागवडीचा इतिहास पाहून आकाराची कमाल मर्यादा ठरवावी, असा त्यांचा व्यवहारी निर्णय होता. तीस वर्षांसाठी आकार कायम केला गेला आणि पडीत जमिनी लागवडीखाली येऊ लागल्या. १८४७ साली गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या तिघांनी आपल्या अनुभवाचे सार ज्या संयुक्त अहवालात मांडले, तोच पुढे मुंबईच्या मोजणीखात्याचा प्रमाणग्रंथ झाला आणि चौदा वर्षांनी त्याच्याच नियमांचा धागा धरून वऱ्हाडची काळी जमीन मोजली जाऊ लागली.

ही मोजणी प्रत्यक्षात कशी होई, हे जवळून पाहण्यासारखे आहे. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. साखळीच्या चौरसाचा एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. मोजणीदार शंकू लावून शेताच्या पोटात काटकोन टाकी, धुऱ्याच्या प्रत्येक वळणापर्यंतचे अंतर साखळीने घेई आणि जागच्या जागी कागदावर शेताची आकृती काढून तीवर आकडे मांडी, हेच टिपण. टिपणावरून क्षेत्र काढण्याचे गणित गुणाकाराच्या पुस्तकात होई, आणि गावातील सर्व नंबरांचे क्षेत्र व आकार आकारबंदात उतरत. सर्व्हे नंबर केवढा असावा याचेही मोजमाप कचेरीत ठरले नव्हते. एका बैलजोडीने जेवढी जमीन वाहता येईल तिच्या अनुरोधाने ते ठरवावे असे मूळ तत्त्व होते. नंबराच्या कोपऱ्यांवर हद्दीच्या निशाण्या उभ्या राहत, त्यांची देखभाल कोणी करावयाची हे ठरलेले असे, आणि एखादी निशाणी हरवलीच तर टिपणावरून तिची जागा पुन्हा काढता येई.

मोजणीच्या मागून प्रतबंदी येई. प्रतबंदीचा कारकून शेताचे मनाने सारखे भाग कल्पी, प्रत्येक भागात जमीन उकरवी आणि मुरूम किती हातांवर लागतो ते पाही. मूळ कोष्टकाप्रमाणे उत्तम पोताच्या काळ्या जमिनीची खोली पावणेदोन हात भरली तर ती सोळा आणे, म्हणजे अव्वल प्रत. खोली कमी होत जाई तसतशी प्रत उतरे. जमिनीत चुनखडी मिसळलेली आहे, वाळू आहे, उतार असल्याने माती वाहून जाते, पाणी साचून राहते, अशा दोषांसाठी निरनिराळ्या खुणा ठरवून दिल्या होत्या, आणि प्रत्येक खुणेमागे प्रत एका पायरीने उतरे. अर्धवट साक्षर माणसालाही समजेल, दुसऱ्याने तेच शेत पुन्हा उकरले असता तेच उत्तर यावे, आणि वरिष्ठ अधिकाऱ्याने फिरतीवर येऊन काही नंबर स्वतः तपासावेत, या तीन अपेक्षांतून ही नोंद घडली होती. वऱ्हाडातील शेतकऱ्याने राजीनामा देऊन नंबर सोडावा किंवा कबुलायत देऊन नवा घ्यावा, हे सोपे झाले ते प्रत्येक नंबराचा आकार स्वतंत्र असल्यामुळे. परगण्याचा इजारा घेणाऱ्या सावकाराच्या दप्तरात या रयतेला स्वतःचे असे घरच नव्हते. आकारबंदाने ते तिला दिले.

परंतु या नोंदीची गुणवत्ता जेवढी खरी तेवढीच तिची मर्यादाही खरी. सरकारचा प्रश्न एकच होता: या नंबराचा आकार कोण भरणार? त्याचे उत्तर म्हणून खातेदाराचे नाव लिहिले गेले. शेत प्रत्यक्ष कोण वाहतो, हे विचारले गेले नाही; आणि वऱ्हाडात बटाईने शेत करण्याची रूढी सार्वत्रिक होती. अर्ध्या हिश्शावर राबणारा बटाईदार कागदावर अदृश्य राहिला. खातेदार मेला म्हणजे वडील मुलाचे नाव लागे, धाकट्यांचे हिस्से घरातल्या समजुतीवर राहत. जमीन गहाण टाकण्याजोगी, विकण्याजोगी झाल्यावर सावकाराने तिच्यावर हात ठेवला, आणि ती नवी घडामोड टिपण्यासाठी जुन्या कोष्टकात रकानाच नव्हता. मुंबई इलाख्यात ही उणीव भरून काढण्यासाठी १९०३ साली हक्कनोंदीचा स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्या पद्धतीने शेताची खोली हातभर काठीने मोजली, तिने शेतात उभ्या असलेल्या माणसाला त्याचा हक्क विचारला नाही, असा हा विरोधाभास आहे. आणि तो निष्काळजीपणाचा नसून प्रश्नाच्या मर्यादेचा आहे.

दुसरा दाखला कापसाचा. रेल्वे येण्यापूर्वीच अमरावतीची पेठ कापसासाठी इतकी गाजलेली होती, की १८४२ साली एका व्यापाऱ्याने येथून एक लाख बैलांवर कापूस लादून मिर्झापुरास पाठवल्याचे सांगतात. आणि या शहराच्या नावावरून पडलेले ‘ऊमरा’ हे कापसाचे नाव लिव्हरपूलच्या पेठेपर्यंत पोहोचले होते. १८६१ ते १८६५ पर्यंतच्या अमेरिकेतील यादवी युद्धाने तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची दृष्टी वऱ्हाडकडे वळली. १८६७ साली रेल्वे नागपुरास पोहोचली, त्याच सुमारास मध्यप्रांत आणि वऱ्हाडसाठी रिव्हेट-कार्नॅक हा कापूस कमिशनर नेमला गेला, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात वऱ्हाडची पहिली खानेसुमारी होऊन लोकसंख्या २२ लाखांवर असल्याचे आढळले, आणि १८७० साली खामगावचा फाटा उघडला. त्याच साली आल्फ्रेड लायलने वऱ्हाडचे गॅझेटियर प्रसिद्ध केले. थोडक्यात, कापसाविषयी सरकारला जेवढे म्हणून जाणून घ्यावयाचे होते, ते सगळे एका दशकात जाणून घेण्याची घाई झाली होती.

बाजारातील व्यवहार मात्र या घाईत कोणी आखून दिलेला नव्हता. शेतकऱ्याची बंडी पेठेत येई, अडत्या पुढे होई, गिऱ्हाईक कपाशीची मूठ काढून पाही आणि भाव ठरे. पुष्कळ पेठांत तो रुमालाखाली बोटे दाबून ठरवण्याची चाल होती, त्यामुळे ज्याचा माल त्यालाच भाव शेवटी कळे. मग बंडी काट्यावर जाई, आणि तेथे दुसरा व्यवहार सुरू होई: कपाशी ओली आहे, कचरा जास्त आहे, म्हणून घट, तोलाई, हमाली, अडत, धर्मादाय, नमुन्याची मूठ, अशा एकेका सबबीने हिशेबपट्टीवरील रक्कम उतरत जाई. ७८४ पौंडांची खंडी सौद्यात पुरी असे आणि पट्टीत अपुरी. फसवणूक कोण्या एकाच्या दुष्टपणात नव्हती. भाव ठरणे, तोलणे, कापणे आणि पैसे देणे या चार पायऱ्यांपैकी एकीचाही लेखी पुरावा शेतकऱ्याच्या हाती राहत नव्हता, हे तिचे मूळ.

१८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने कारंजा येथे, आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या त्या जुन्या पेठेत, हिंदुस्थानातील पहिला नियंत्रित कापूस बाजार स्थापन झाला. आणि १८९७ साली संपूर्ण वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. बाजाराची जागा मुक्रर, दलाल आणि मापारी परवान्याचे, वजने तपासलेली, कपाती ठरलेल्या, आणि देखरेखीस समिती, अशी त्याची चौकट होती. पुढे देशभर ज्या नियंत्रित बाजारपेठा उभ्या राहिल्या त्यांचा हा आद्य नमुना, आणि त्याचे श्रेय वऱ्हाडने अभिमानाने घ्यावे असेच आहे. व्यवहाराच्या पायऱ्या कोणीतरी पाहिल्या होत्या, कोठे माल गळतो हे ओळखले होते, आणि नेमके तेथे बूच बसवले होते.

तथापि समितीत बसले कोण? व्यापारी आणि नगरपालिकेचे प्रतिनिधी. ज्याची बंडी, ज्याचा कापूस, त्याला तेथे आसन नव्हते. कायदा करणाऱ्यांसमोर गरज मांडली गेली ती शुद्ध मालाची आणि सुरळीत व्यापाराची. ती मांडणारे गिरण्यांचे आणि निर्यातीचे लोक होते. १९२८ साली लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतकी कमिशनने वऱ्हाडच्या पद्धतीची दखल घेतली, तिचा नमुना उपयुक्त मानला आणि शेतकऱ्याच्या प्रतिनिधित्वाचा अभाव हा तिचा दोषही दाखवला. त्याच्या एक वर्ष आधीच मुंबई इलाख्याने आपल्या कापूस बाजार कायद्यात उत्पादकाला जागा देण्याचा प्रयत्न केला होता. मध्यप्रांतात १९३२ आणि १९३५ साली बाजारांचे नवे कायदे झाले, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन अधिनियमाने बाजार समितीत शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना बहुमत दिले.

या दोन्ही इतिहासांची उजळणी आज करण्याचे कारण असे, की वऱ्हाडचे दप्तर पुन्हा एकदा नव्याने आखले जात आहे. १ मे २०१८ पासून सातबाराचा उतारा अंकीय स्वाक्षरीने मिळू लागला, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः भ्रमणध्वनीवर आपल्या पिकाचे छायाचित्र काढून गाव नमुना बारासाठी नोंद करू लागला. पटवाऱ्याच्या आणि तलाठ्याच्या लेखणीतून जी नोंद शंभरावर वर्षे होत आली ती प्रथमच पेरणाऱ्याच्या हाती गेली, ही क्रांती लहान नाही. परंतु यंत्रणा बदलली तरी प्रश्न तेच आहेत. बटाईने शेत करणाऱ्याची नोंद कोण करणार? अंतरपिकाच्या ओळी एकाच रकान्यात कशा बसणार? शिवारात संदेशवहन नसेल तर मुदतीच्या दिवशी शेतकऱ्याने काय करावे? हे प्रश्न मुंबई-पुण्याच्या कचेरीत बसून सुचत नाहीत. दर्यापुरात, अकोटात, मूर्तिजापुरात, तुरीच्या ओळींत उभे राहिल्यावर ते आपोआप सुचतात.

म्हणून जे तरुण आज माहितीच्या व्यवस्थापनाचे काम व्यवसाय म्हणून पत्करीत आहेत, त्यांना वऱ्हाडच्या इतिहासाचे सांगणे दुहेरी आहे. पहिले हे, की जी नोंद दुसऱ्याला पुन्हा तपासता येत नाही ती कितीही शास्त्रशुद्ध दिसली तरी मागू नये. प्रिंगल आणि विंगेट यांच्यातील अंतर एवढेच होते. दुसरे हे, की आपल्यापुढे गरज कोण मांडतो आहे आणि कोणाला बोलावलेलेच नाही, याची यादी रकाने पाडण्यापूर्वी करावी; कारण कोष्टकात राहिलेली चूक दुरुस्त होते, पण जो माणूसच विचारात घेतला गेला नाही त्याला आत यायला फार वेळ लागतो. कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्याला कापसाच्या बाजाराच्या समितीत बहुमत मिळण्यासाठी १८९७ पासून १९६३ पर्यंत, म्हणजे सहासष्ट वर्षे, वाट पाहावी लागली.